खांब-साखळीची लिपी

आपल्या समूहात हैदराबादच्या मराठी शाळा, ग्रंथसंग्रहालय, गणेशोत्सवातले मेळे, निजामाच्या काळातल्या नोकऱ्या अशा बऱ्याच गोष्टींवर लिहून झालं आहे. घरातल्या बायकांच्या हातांनी जे केलं, त्यावर मात्र फारसं कुणी लिहीत नाही. लिहिलंच तर पुरणपोळीपाशी थांबतो आपण. आज क्रोशावर लिहितो. विषय वाचूनच काही पुरुष सभासद पुढे सरकतील, त्यांना अडवत नाही. पण यात हिशेबाचा भाग बराच आहे, म्हणून मी स्वतः त्यात शिरलो, एवढं सांगतो.

काचीगुडा, सुलतान बाजार, बडी चावडी या भागातलं १९५०-६० च्या सुमाराचं कुठलंही मराठी घर डोळ्यांसमोर आणा. रेडिओवर पांढरा जाळीचा रुमाल. दुधाच्या पातेल्यावर तसाच एक, पण कडेला मणी ओवलेला, म्हणजे वाऱ्याने उडू नये. देवघराच्या चौकटीला तोरण, आरशाच्या कोपऱ्यावर त्रिकोणी तुकडा, पाहुणे आले की बाहेर येणारा टेबलक्लॉथ. हे सगळं घरीच झालेलं असे. मुलीच्या लग्नात रुखवत मांडलं की रव्याच्या लाडवांशेजारी क्रोशाचे रुमाल पसरलेले असत, आणि वऱ्हाडातल्या बायका तिथे घोळका करून उभ्या राहत. लहानपणी मला वाटायचं, कौतुक चाललं आहे. त्या बायका बोटाच्या टोकाने खांब मोजत असत. घरी जाऊन तोच रुमाल उतरवायचा असे ना! पुस्तक नाही, फोटो नाही. सगळी नक्कल नजरेने उचललेली.

ज्यांनी सुई हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. क्रोशे हा फ्रेंच शब्द, अर्थ लहानसा आकडा. सुई एकच, टोकाला आकडा. दोऱ्याचा फास सुईवर घ्यायचा आणि त्यातून दुसरा फास ओढायचा, की झाली साखळी. आमच्या घरातले पुढचे शब्द असे होते. नुसती सुई घालून दोरा ओढला, सुईवर दोन फास झाले, ते एकदम सोडले की मुका खांब. सुईवर आधी एक वेढा घेऊन मग दोरा ओढला की तीन फास होतात. ते तिन्ही एकदम सोडले तर अर्धा खांब, आणि दोन-दोन करून दोन वेळा सोडले तर पुरा खांब. दोन वेढे घेतले तर चार फास, तीन वेळा सोडायचे, तो लांब खांब. सगळं क्रोशे म्हणजे एवढंच. बाकी नक्षी म्हणजे कुठला खांब कशात घालायचा, याचा हिशेब.

आणि अडचण नेमकी तिथेच आहे. दोन सुयांवरच्या लोकरीच्या विणकामात ओळीतले सगळे टाके सुईवर ओळीने उभे असतात. पुढचा टाका कुठे, हा प्रश्नच नसतो. क्रोशात सुईवर एकच फास जिवंत असतो. त्यामुळे पुढचा खांब शेजारी घाला, तीन ओळी खाली घाला, एकाच भोकात सात घाला किंवा मध्येच गोल फिरून मागे या, सगळ्याला मुभा आहे. कलेला हे वरदान. पण कागदावर उतरवायला बसलं की वाक्यं संपता संपत नाहीत.

छापील इतिहास फार जुना नाही. क्रोशे हा शब्द वापरून दिलेली सगळ्यात जुनी माहीत असलेली छापील कृती १८२३ सालची, हॉलंडमधल्या ‘पेनेलोपे’ नावाच्या नियतकालिकातली. पाच बटव्यांचं रंगीत चित्र, त्यातले तीन रेशमी दोऱ्याने क्रोशे करायचे होते. चित्र काय बनवायचं ते दाखवतं. कसं बनवायचं हे शब्दांत. १८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये अशा पुस्तकांचा पूर आला. एलिओनोर रिएगो दे ला ब्रांशार्दियेर या बाईंनी तर कितीतरी पुस्तकं काढली. लेस महाग, ती करायला वेळ फार. तीच नजाकत आकड्याच्या सुईने कमी वेळात उतरवता येते, हे त्यांनी घराघरांत पोहोचवलं. त्याच दशकात, १८४५ पासून, आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक गेलं आणि दुष्काळ पडला. तिथल्या मठांतल्या जोगिणींनी आणि धर्मगुरूंच्या बायकांनी उपाशी कुटुंबातल्या मुलींना क्रोशे शिकवलं. एकेक फूल, एकेक पान सुटं करायचं आणि शेवटी जाळीने जोडायचं, अशी आयरिश पद्धत त्यातून रूढ झाली. घराण्याघराण्याचे नमुने एकमेकींपासून लपवून ठेवत, असं सांगतात. पोटाचा प्रश्न असला की नमुना ही मालमत्ता होते, हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

या पुस्तकांतली भाषा वाचवत नाही. एका फेरीसाठी अर्धं पान. पुढे लघुरूपं आली, तारका आल्या, ‘या खुणेपासून त्या खुणेपर्यंत सहा वेळा करा’ वगैरे. तरी घोळ मिटला नाही, उलट वाढला, कारण इंग्रज आणि अमेरिकन एकाच टाक्याला वेगवेगळी नावं देऊ लागले. आपला मुका खांब अमेरिकेत ‘सिंगल’, इंग्लंडमध्ये ‘डबल’. आपला पुरा खांब अमेरिकेत ‘डबल’, इंग्लंडमध्ये ‘ट्रेबल’. म्हणजे ‘डबल’ लिहिलेलं पुस्तक कुठल्या देशात छापलं हे कळल्याशिवाय सुई उचलायचीच नाही. बँकेत नोकरी केलेल्यांना हे नवीन वाटणार नाही. तुम्ही खात्यात पैसे भरलेत तर पासबुकात ते क्रेडिट, आणि तुमच्या स्वतःच्या कीर्दीत बँकेच्या खात्याला तेच डेबिट. व्यवहार एकच, बाजू दोन. फरक इतकाच, की जमाखर्चात दोन्ही बाजू शेवटी जुळतात आणि इथे रुमाल दुप्पट उंच होऊन बसतो.

आपल्याकडे दोऱ्याच्या कंपन्यांची जी इंग्रजी पत्रकं यायची, ती बहुतेक इंग्लंडच्या बोलीतली. माझ्या आईला इंग्रजी येत नव्हतं. वडील उर्दू माध्यमात शिकलेले, त्यांना ‘ट्रेबल’ म्हणजे त्रासच वाटायचा! पत्रकातलं चित्र तेवढं कापून ठेवलं जायचं आणि मजकुराच्या कागदात फोडणीची मोहरी बांधली जायची.

चौकटींच्या नक्षीचं मात्र वेगळं होतं. ती आमच्या घरात कागदावर होती, कारण तिला भाषा लागतच नव्हती. ही युक्ती क्रोशाहून कितीतरी जुनी. सोळाव्या शतकात युरोपात लेस आणि भरतकामाच्या नमुन्यांची पुस्तकं छापली जाऊ लागली. फेदेरिको व्हिंचोलो या इटालियन माणसाचं पुस्तक १५८७ साली पॅरिसला निघालं, त्यात चौकटी पाडून त्या भरलेले प्राणी-पक्षी आहेत. भरलेला खण आणि रिकामा खण, बस्स. दोसुतीवर फुल्यांचं भरतकाम करणाऱ्या आपल्या बायकांना हे अंगवळणी पडलेलंच होतं. मुलांच्या गणिताच्या वहीतलं चौकटीचं पान फाडायचं आणि त्यावर मोर. क्रोशात रिकामा खण म्हणजे खांब, दोन साखळ्या, खांब. भरलेला खण म्हणजे त्या दोन साखळ्यांच्या जागी आणखी दोन खांब. शेजारच्या खणाचा खांब सामाईक, म्हणून दहा भरलेले खण ओळीने आले तर चाळीस नव्हे, एकतीस खांब. तीन गुणिले खण, अधिक एक. हे सूत्र आईने कधी लिहिलं नसेल, पण तिचं चुकलेलं मी पाहिलं नाही. दारावरच्या पडद्यांवर ‘सुस्वागतम्’ आणि ‘वेलकम’ याच हिशेबाने उमटले.

पण चौकटीत गोल बसत नाही. पाकळी बसत नाही, पंखा बसत नाही, अननस बसत नाही. आणि आमच्या घरातल्या रुमालांपैकी बहुतेक गोल होते. त्यांना कागद मिळाला तो चिन्हांच्या चार्टमुळे, आणि तो आमच्यापर्यंत फार उशिरा आला.

ही चिन्हं पाहिली तर थोडं हसू येतं, इतकी सरळ आहेत. साखळी म्हणजे लांबट शून्य. नुसतं अडकवून पुढे जायचं असेल तर ठिपका. मुका खांब म्हणजे फुली. काही ठिकाणी अधिकचं चिन्ह. अर्धा खांब म्हणजे इंग्रजी टी. पुरा खांब म्हणजे त्याच टीच्या दांड्यावर एक तिरकी रेघ, लांब खांबावर दोन रेघा. रेघा मोजायच्या, तितके वेढे घ्यायचे. अर्ध्या खांबालाही एक वेढा लागतो, तरी त्याला रेघ दिलेली नाही. हा एक अपवाद ध्यानात ठेवला की झालं. चिन्हाची उंचीसुद्धा टाक्याच्या उंचीच्या प्रमाणात काढतात. म्हणजे चार्ट लांबून पाहिला तरी रुमालाचं रूप दिसतं आणि जवळून पाहिला तर कृती वाचता येते. जमाखर्चाच्या वहीत ही सोय नाही. ताळेबंद लांबून पाहिला तर नुसते आकडे दिसतात.

जपान्यांनी यात जेवढी शिस्त आणली तेवढी कुणी आणली नसेल. आपल्याकडे प्रेशर कुकरला आणि इस्त्रीला जसा आयएसआयचा शिक्का, तसं त्यांच्या औद्योगिक मानकांत विणकामाच्या चिन्हांचं एक स्वतंत्र मानक आहे. त्याची सुधारित आवृत्ती १९९५ ची. त्यामुळे कुठल्याही प्रकाशकाचं जपानी पुस्तक घ्या, फुलीचा अर्थ बदलत नाही. रशियातही चार्टची सवय जुनी आहे. इंग्रजी मुलखात मात्र शब्दांचा हट्ट फार काळ चालला. ज्यांची भाषा सगळ्यांना येते असं गृहीत धरलेलं असतं, त्यांना चिन्हांची गरज उशिरा भासते, असं माझं मत.

काही वर्षांपूर्वी माझ्या नातीने असंच एक जपानी पुस्तक आणलं. तिला जपानी येत नाही, मराठी वाचायलाही ती अडखळते. तिने तीन दिवसांत त्यातला रुमाल पुरा केला. मी सौभाग्यवतींना म्हटलं, “तू एवढी वर्षं करतेस, तुला हे वाचता येतं का?” “अहो, मला कशाला वाचायला लागतंय? रुमाल समोर ठेवा, करून देते,” असं उत्तर आलं. दोघींच्या मध्ये मी बसलो. एकीला हात येतो, कागद येत नाही. दुसरीला कागद येतो, पण आजीच्या डब्यातले नमुने कागदावर नाहीत. कॉमर्सच्या माणसाला इथे काम दिसलं.

वाचायचं कसं, ते सांगतो. सरळ ओळींचा चार्ट खालून वर जातो. पहिली ओळ उजवीकडून डावीकडे, मग काम उलटायचं आणि दुसरी डावीकडून उजवीकडे. आम्हा हैदराबादी लोकांना हे सोपं पडावं: एक ओळ उर्दूसारखी, एक मराठीसारखी. शेतकऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, नांगर असाच चालतो. ओळीचा आकडा ज्या बाजूला छापलेला असेल तिथून सुरुवात करायची. गोल चार्ट मधून बाहेर जातो आणि घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, म्हणजे देवळातल्या प्रदक्षिणेच्या बरोबर उलट. प्रत्येक फेरीच्या आरंभी काही साखळ्या उभ्या दिसतात. त्या नुसत्या उंची गाठायला नसतात. तीन साखळ्या म्हणजे एक खांब धरायचा. पहिल्या फेरीत बारा खांब हवे असतील तर तीन साखळ्या आणि अकरा खांब. हा आरंभीचा खांब मोजायचा राहिला तर सगळ्या फेऱ्यांची बेरीज एकाने चुकत जाते, आरंभीची शिल्लक न ओढलेल्या रोजकीर्दीसारखी.

गोल सपाट राहायचा असेल तर खांबांचा हिशेब ठरलेला आहे. बारा, चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस. दर फेरीला बाराची भर. मुक्या खांबांचा गोल असेल तर सहाची. भर कमी पडली की रुमालाची वाटी होते, जास्त झाली की झालर. जुन्या बायका याला हात बसला नाही म्हणत. हात कसला, बेरीज.

चिन्हांची बुडं आणि डोकी पाहायला शिकणं हा चार्ट वाचण्यातला कठीण भाग. पंख्याचे पाच खांब खाली एका बिंदूत मिळालेले दाखवले असतील तर ते एकाच टाक्याच्या पोटात घालायचे. तेच पाच खालून जरा सुटे असतील तर टाक्यात सुई घालायची नाही. साखळीच्या कमानीखालून, मोकळ्या जागेतून घालायची. डोकी एकत्र आणि बुडं सुटी असतील तर पाचांचा एक करायचा, म्हणजे घट. दांड्याच्या खालच्या टोकाला हुकासारखं वळण असेल तर टाक्याच्या डोक्यात सुई न घालता खालच्या ओळीतल्या खांबाच्या कमरेला पुढून किंवा मागून वेढून जायचं. शब्दांत हे सांगायला मला चार वाक्यं लागली. चार्टवर नखाएवढी जागा.

अननसाची नक्षी ज्यांच्या घरी आहे त्यांनी ती हातात घेऊन पाहावी. बुडाशी एका कमानीत दहा खांबांचा पंखा. त्यावरच्या फेरीत त्याच दहा खांबांमध्ये एकेक साखळी, म्हणजे नऊ फटी. त्यावर प्रत्येक फटीत मुका खांब आणि मध्ये तीन साखळ्यांची कमान, म्हणजे आठ कमानी. मग सात, सहा, पाच, करत एक. टोक आलं. आठापासून एकापर्यंत सगळ्या कमानी मिळून छत्तीस. कुणाच्या अननसात बुडाचे खांब बारा असतात, कुणाच्यात चौदा, पण उतरण तीच. चार्टवर हा उतरता त्रिकोण दिसला आणि आईच्या रुमालात तो सापडला, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की या बाईने आयुष्यभर न लिहिता गणित केलं.

कागद नसण्याची किंमत काय असते हे मी याआधी पाहिलं होतं, तेव्हा कळलं नव्हतं. १९८० च्या दशकात माझी बदली आंध्रात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात झाली. नरसापूर तिथलंच, गोदावरीच्या वसिष्ठा फाट्यावरचं गाव. मराठवाड्यातल्या मंडळींना नगरसोल-नरसापूर एक्सप्रेसच्या पाटीवरून नाव माहीत असेल, गाव पाहिलेलं नसेल. १८४४ च्या सुमारास मॅक्रे नावाच्या स्कॉटिश मिशनरी दांपत्याने तिथल्या ख्रिस्ती झालेल्या गरीब बायकांना क्रोशाची लेस शिकवली. पुढे ते काम सगळ्या जातींत पसरलं. घराबाहेर पडून शेतात राबणं ज्यांच्या रीतीत बसत नव्हतं, त्या कापू घरांतल्या बायकांनाही ते सोयीचं वाटलं, कारण ओटीवर बसून करता येतं. भोवतालच्या गावांत मी दुपारी फिरायचो तेव्हा घरोघरी दाराशी बायका बसलेल्या, डोळे सुईवर, तोंडाने गप्पा.

आमच्याकडे चार टक्के व्याजाची डीआरआय कर्जं असत. अर्जात व्यवसायाचा रकाना. नवरा बायकोच्या वतीने सांगायचा, “इंट्लो उंटुंदी अंडी,” म्हणजे घरीच असते हो. रोज सहा-सात तास परदेशी मालाचं उत्पादन करणारी बाई कागदावर ‘घरीच असते’. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मिस यांनी नेमका याच गोष्टीचा अभ्यास करून १९८२ साली नरसापूरच्या लेसवाल्या बायकांवर पुस्तक लिहिलं. ते मी निवृत्तीनंतर वाचलं आणि आपल्या अर्जांचा गठ्ठा आठवला.

त्या बायकांकडे चार्ट नव्हते. व्यापाऱ्याचा माणूस दोरा आणि नमुन्याचा तुकडा आणून द्यायचा. कुणी फुलंच करायची, कुणी ती फुलं जोडायची. फूल करणारीला पुरा टेबलक्लॉथ कसा दिसतो हे माहीत असेलच असं नाही. काम झालं की माल परत, नमुनाही परत. पुढच्या वर्षी दुसरा नमुना. हात त्यांचे होते, नक्षीचा हिशेब त्यांच्याकडे राहत नव्हता. आयर्लंडमधल्या बायकांनी नमुना लपवून ठेवण्यात जे शहाणपण पाहिलं, ते इथे व्यापाऱ्याने पाहिलं. लोकरीचं विणकाम यंत्र करतं, पण खरं क्रोशे करणारं यंत्र अजूनही कारखान्यांत आलेलं नाही. तुमच्या सुनेने मॉलमधून आणलेल्या टॉपला क्रोशाची पट्टी असेल तर ती कुणाच्या तरी हातची आहे, हे पक्कं समजा. २०२४ साली नरसापूरच्या क्रोशे लेसला जीआय मानांकन मिळालं. चांगली गोष्ट आहे. गावाचं नाव कागदावर आलं.

आता आईच्या डब्याकडे येतो. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, आत पस्तीस-एक नमुने. कुठला दोन इंच, कुठला हातभर. रुखवतात पाहिलेली नक्षी घरी येऊन, विसरायच्या आत, दोन फेऱ्यांत करून ठेवायची, हीच तिची वही. काही तुकड्यांना दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली: ‘जोशीणबाईंचा’, ‘गुलबर्ग्याचा’. कृतीचा एक शब्दही नाही. दोरा पिवळा पडला आहे आणि काही ठिकाणी बोट लावलं तरी तुटतो.

हे चार्टमध्ये उतरवायला आम्ही नवरा-बायको बसलो. चार्ट काढायचा तर सुई हातात घ्यावीच लागते, म्हणून या वयात मी साखळी शिकलो. सौभाग्यवतींनी धीर सोडला नाही, हे त्यांचं मोठेपण. रीत अशी ठेवली. नमुना काळ्या कापडावर टाचण्यांनी ताणायचा. भिंगाने पाहून फेरीचा जोड शोधायचा; फेरी संपवून वर चढलेल्या तीन साखळ्या थोड्या वेगळ्या दिसतात, तिथून आरंभ. ती टाके वाचते, मी चिन्हं काढतो. फेरी पुरी झाली की बेरीज समासात. दुसऱ्या दिवशी ती माझा कागद पाहून नव्या दोऱ्याने तोच तुकडा करते आणि दोन्ही शेजारी ठेवतो. जुळले तर कागदावर दोघांच्या सह्या. बँकेत आम्ही याला मेकर-चेकर म्हणत होतो.

या कामात पुष्कळ गोष्टी कळल्या. एका नमुन्यात पाच पंखे सात खांबांचे आणि सहावा सहाचा. आईचा हात चुकला म्हणावं, तर पुढच्या फेरीत तिने तिथे एक साखळी वाढवून हिशेब बरोबर केलेला. तिला ती तूट कळली होती आणि उसवायचं नव्हतं. आम्ही चार्टमध्ये तो सहाचाच ठेवला. ‘गुलबर्ग्याचा’ आणि ‘जोशीणबाईंचा’ हे दोन नमुने आम्हाला वेगळे वाटत होते. कागदावर उतरल्यावर दिसलं, की पहिल्या चार फेऱ्या टाक्याला टाका तशाच आहेत. एकीने दुसरीचा पाहिला असणार, किंवा दोघींनी तिसरीचा. कुठल्या तरी लग्नातली ती दुपार कुणाच्या वहीत नोंदलेली नाही, पण चार फेऱ्यांत आहे.

आतापर्यंत एकोणीस झाले. नातीने त्यातले सहा करून पाहिले, तिकडून फोनवर विचारलंसुद्धा, “आजोबा, पाचव्या फेरीत बुडं जोडलेली आहेत की सुटी? तुमची रेघ जाड आली आहे.” तेव्हापासून मी पॉइंट तीनचं पेन वापरतो.

एक नमुना अडला आहे. सात पाकळ्यांचं फूल, मधला गोल फुगीर आणि टणक. आयरिश पद्धतीत दोऱ्याचे बरेच वेढे एकत्र करून त्यावर मुके खांब घट्ट बसवतात, म्हणजे गोल उठून दिसतो. हे तसलं आहे. वरचे मुके खांब मोजता आले, एकवीस आहेत, पाकळीला तीन. आत वेढे किती आणि कुठल्या नंबरच्या दोऱ्याचे, ते बाहेरून दिसत नाही. बघायचं तर उसवायला हवं, आणि तुकडा एकच आहे. सौभाग्यवती उसवू देत नाहीत, मीही आग्रह केला नाही. कागदावर मधला गोल पेन्सिलीने मोकळा सोडला आहे. आपल्यापैकी कुणाच्या घरी, हैदराबाद, गुलबर्गा, लातूर, उदगीर कुठेही, असं सात पाकळ्यांचं फूल असेल आणि ते मधून झिजून उघडं पडलं असेल, तर धुऊ नका, इस्त्री करू नका. काळ्या कापडावर ठेवून जवळून फोटो काढा आणि इथे टाका. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवलंत तर मापही कळेल.